‘बदली खेळाडू’ नव्हे, हरहुन्नरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्याचे वृत्त आपल्या क्रीडा पानावर वाचले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी टोरांटोत सुरू झालेला तो सामना आपल्याकडे रविवारी सकाळी संपला आणि त्याच रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी बेसबॉलच्या वाट्याला पाव कॉलम आला, त्याबद्दल कोणी शहाणा माणूस तक्रार करणार नाही. तक्रार आहे ती त्या पाव कॉलममधल्या दोन शब्दांबद्दल. लॉस एंजेलिस डॉजर्सचा मिगेल रोहास आणि टोरांटोचा आयझाया कायनर-फालेफा या दोघांना आपण ‘बदली खेळाडू’ म्हटले आहे, आणि दुसऱ्याला वर ‘कुठल्याच संघात न टिकलेला’ अशी पुस्तीही जोडली आहे.

‘बदली’ म्हणजे काय हे मुंबईला शिकवायला नको. गिरण्या चालू होत्या तेव्हा बदली कामगार पाळीच्या वेळी फाटकाशी उभा राहायचा. कायम कामगाराचा खाडा पडला तर आत, नाहीतर घरी. बेसबॉलमधला युटिलिटी खेळाडू, म्हणजे गरजेप्रमाणे अनेक जागी खेळणारा, असा कोणाच्या खाड्यावर जगत नाही. संघाच्या यादीत त्याची जागा आधीच धरलेली असते, आणि ती का धरावी लागते हे साध्या वजाबाकीने कळते.

अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये २०२० पासून संघाची चालू यादी २६ जणांची आहे (सप्टेंबरात २८). त्यात जास्तीत जास्त १३ पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, ठेवता येतात आणि जवळजवळ सगळे संघ तेवढे ठेवतातच. उरले १३. त्यातले नऊ रोज बॅटिंग करणारे, म्हणजे आठ क्षेत्ररक्षक आणि एक फक्त बॅटिंगपुरता. उरले चार. त्यातला एक दुसरा कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा), आणि तो सहसा राखूनच ठेवतात, कारण पहिल्या कॅचरच्या बोटाला चेंडू लागला तर ऐन वेळी त्याचा हातमोजा (मिट) घालायला दुसरे कोणी नसते. म्हणजे इन्फिल्डच्या (बेसच्या आसपासच्या) चार आणि आउटफिल्डच्या (मागच्या मैदानातल्या) तीन जागांसाठी राखीव माणसे फक्त तीन. या तिघांत कोणाला तरी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा) खेळता आलाच पाहिजे आणि कोणाला तरी सेंटर फिल्ड (आउटफिल्डचा मध्य), कारण या दोन जागी नवखा उभा केला की सामना हातचा जातो. दोन्ही येणारा एकच माणूस मिळाला, तर मॅनेजरला एक अख्खी जागा मोकळी होते. तिथे तो नुसता धावणारा किंवा नुसता डावखुऱ्या पिचरला फोडणारा ठेवू शकतो. युटिलिटी खेळाडूचा पगार या मोकळ्या झालेल्या जागेसाठी असतो. त्याची स्वतःची बॅटिंग सरासरी हा त्यानंतरचा विषय.

आपल्या राज्यात सॉफ्टबॉल पाहिलेल्यांचा इथे एक घोटाळा होतो. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या संघातला खेळाडू बाहेर गेला तरी एकदा परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला त्या सामन्यापुरता संपला. म्हणून आठव्या इनिंगमध्ये संथ फर्स्ट बेसमनच्या जागी धावायला माणूस पाठवला, की नवव्यात फर्स्ट बेसवर उभा कोण राहणार हे मॅनेजरने आधीच ठरवलेले असावे लागते. धावायला गेलेल्यालाच ते येत असेल तर प्रश्न मिटला. येत नसेल तर दोघातिघांना हलवावे लागते, आणि बेंच रिकामा होत जातो.

आता त्या दोन रात्रींकडे पाहा. सहाव्या सामन्यात डॉजर्सनी टॉमी एडमनला दुसऱ्या बेसवरून सेंटर फिल्डला नेले, त्यामुळे रोहासला दुसऱ्या बेसवर सुरुवातीपासून घेता आले. लेफ्ट फिल्डला किके हर्नांडेझ, तोही याच बिरादरीतला. नवव्या इनिंगमध्ये हर्नांडेझने पुढे धावत येऊन जमिनीलगतचा फटका पकडला आणि तसाच दुसऱ्या बेसकडे फेकला. रोहासने तो टप्प्यावरून उचलला आणि बेसपासून पुढे सरकलेला रनर बाद झाला. गुणवहीत नोंद ७-४ (लेफ्ट फिल्ड ७, सेकंड बेस ४) आणि सामना संपला. दुसऱ्या दिवशी नवव्या इनिंगमध्ये ४-३ असे मागे असताना रोहासने होमरन मारून बरोबरी केली. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात, सगळे बेस भरलेले, एक बाद असताना त्याच्याकडे ग्राउंडर (जमिनीवरून येणारा फटका) आला. तोल जात असतानाही त्याने होमप्लेटवर थ्रो केला आणि तिसऱ्या बेसवरून आलेला कायनर-फालेफा इंचांनी बाद झाला. रोहास त्या सामन्यात बदली नव्हताच. कायनर-फालेफा बो बिशेटसाठी धावायला आला होता, म्हणजे बदली म्हणता येईल असा या दोघांत तोच एक.

कायनर-फालेफाने फार कमी लीड घेतली होती, म्हणजे चेंडू पडण्याआधी तो बेसपासून पुरेसा पुढे सरकला नव्हता, अशी टीका अमेरिकेत झाली आणि आपल्या वृत्तातही ती उतरली आहे. कारण मात्र उतरले नाही. जोरदार लाइन ड्राइव्हवर (जमिनीला समांतर जाणाऱ्या फटक्यावर) दुहेरी बाद, म्हणजे बॅटरबरोबर रनरही बाद, होऊ नये म्हणून बेसजवळ राहा, अशी सूचना होती, असे त्यानेच नंतर सांगितले. आदल्याच रात्री त्याच्या संघाचा रनर नेमका तसाच बाद होऊन सामना गेला होता. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडताच येत नाही, त्यामुळे हा पेच आपल्या मुलांना या रूपात भेटत नाही. बेसबॉलमध्ये लीड किती घ्यायची हा दर चेंडूला नव्याने सोडवायचा हिशेब असतो, आणि नवव्या इनिंगमध्ये थंड पायांनी मैदानात उतरलेल्या माणसाला तो पहिल्याच चेंडूला सोडवावा लागतो.

‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असे या खेळाडूंबद्दल सर्रास बोलले जाते. प्रत्यक्षात त्यांना चार जागांच्या चार वेगळ्या चाली अंगात मुरवाव्या लागतात.

बहुतेक जण मूळचे शॉर्टस्टॉप असतात, कारण शाळा-कॉलेजात सर्वांत चपळ आणि चांगल्या हाताचा मुलगा तिथेच उभा करतात. तिथून दुसऱ्या बेसवर आणले की सोपे झाले असे वाटते, कारण थ्रो जवळचा. पण दुहेरी बाद करताना शॉर्टस्टॉप बेसकडे येतो तेव्हा त्याचे शरीर आधीच फर्स्ट बेसच्या दिशेने वाहत असते आणि अंगावर येणारा रनर त्याला दिसत असतो. सेकंड बेसमनच्या बाबतीत उलटे. त्याची पाठ रनरकडे. चेंडू घ्यायचा, वळायचे, रनरच्या पायांतून सुटायचे आणि अर्ध्या वळलेल्या अंगानेच फेकायचे. २०१५ च्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) दुसऱ्या बेसवर असेच वळताना शॉर्टस्टॉप रूबेन तेहादाचा पाय मोडला. त्यानंतर २०१६ पासून रनरने बेसकडेच खरी स्लाइड करावी असा नियम आला, त्यामुळे धोका कमी झाला, संपला नाही. २०२३ मध्ये शिफ्टवर, म्हणजे बॅटर पाहून इन्फिल्डर एकाच बाजूला सरकवण्यावर, बंदी आली. दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इन्फिल्डर हवेत, आणि पाय इन्फिल्डच्या मातीच्या कडेच्या आत. पूर्वी संथ सेकंड बेसमनला आउटफिल्डच्या गवतात मागे उभे करून झाकता येत असे. आता झाकता येत नाही, म्हणून पाय असलेल्या माणसाला भाव आला.

तिसऱ्या बेसवर प्रश्न वेळेचा. ताशी १०० मैलांहून जास्त वेगाने फटका येतो, तिथे पाऊल टाकायला सवडच नसते, हात आधी जातो. फटका इतक्या लवकर पोचतो, म्हणून चेंडू थोडा हातातून निसटला तरी माणूस बाद करता येतो, पण फर्स्ट बेस तिथून १२७ फुटांवर, त्यासाठी दंडात ताकद हवी. बंट (बॅटने हलकेच पुढ्यात टाकलेला चेंडू) आला तर पुढे झेपावून उघड्या हाताने उचलून धावता-धावताच फेकायचा. शॉर्टस्टॉपवरून आलेला नवखा इथे नेहमी एक चूक करतो. तो चेंडूची वाट पाहत मागे उभा राहतो.

फर्स्ट बेस सर्वांत हलकी जागा समजली जाते. तिथे फसतात ते लांब पसरण्याच्या घाईमुळे. थ्रो कुठे येतोय हे दिसण्याआधीच पाय ताणला, की मग शरीर हलत नाही आणि दोन फूट बाजूला आलेला चेंडू सुटतो. आधी टाचेने बेस चाचपायचा, थ्रोची रेषा पाहायची, मग त्या रेषेत पाय टाकायचा.

आउटफिल्डमध्ये तर पहिले पाऊलच उलटे. इन्फिल्डर सवयीने पुढे येतो. आउटफिल्डरने डोक्यावरून जाणाऱ्या फटक्यासाठी आधी मागचे पाऊल उघडायचे असते. सेंटर फिल्डला सरळ अंगावर येणारा चेंडू ओळखायला सर्वांत कठीण, कारण तो किती खोल जाणार हे बाजूने दिसत नाही. कडेच्या जागांवर चेंडू रेषेकडे वळतो, राइट फिल्डला उजव्या बॅटरचा तर हमखास. थ्रोसुद्धा वेगळा. इन्फिल्डरचा हात आखूड, कानाजवळून. तोच हात आउटफिल्डवरून वापरला तर चेंडू वळत जातो आणि टप्पा चुकतो. बोटे शिवणीवर आडवी, छोटी उडी, हात वरून मोकळा. हा बदल एका आठवड्यात लादला की खांदा किंवा कोपर बोलू लागतो. रोज थोडे अंतर वाढवत लांब फेकीचा सराव काही आठवडे झाल्याशिवाय कोणाला तिथे सलग उभे करू नये.

आणि यातल्या इन्फिल्डच्या तीन जागा डाव्या हाताने फेकणाऱ्याच्या नशिबी नाहीत. दुसरा बेस, शॉर्टस्टॉप, तिसरा बेस इथून फर्स्टवर फेकायला त्याला अंग पूर्ण फिरवावे लागते, तेवढ्यात रनर पोचतो. म्हणून युटिलिटी खेळाडू जवळपास नेहमीच उजव्या हाताने फेकणारा. तो दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा निघाला तर सोन्याहून पिवळे. बेन झोब्रिस्ट तसा होता. २०१६ मध्ये शिकागो कब्सकडून वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एडमनही तसाच, २०२४ च्या नॅशनल लीग अंतिम मालिकेचा मानकरी.

हातमोज्यांचे थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे एकाच ग्लोव्हवर सगळे भागवतात. दुसऱ्या बेसला साधारण सव्वाअकरा इंची आणि उथळ खिशाचा, म्हणजे चेंडू लगेच दुसऱ्या हातात येतो. शॉर्टस्टॉपला साडेअकरा, तिसऱ्या बेसला पावणेबारा ते बारा, आउटफिल्डला साडेबारा ते पावणेतेरा आणि खोल खिसा. फर्स्ट बेसचा मिट वेगळाच, आणि तो फक्त फर्स्ट बेसमनलाच वापरता येतो. बारा इंचीत सगळे भागवले तर दुहेरी बादच्या वेळी चेंडू खिशात अडकतो आणि रनर वाचतो. कमी वापरातला ग्लोव्ह कडक राहू नये म्हणून रोजच्या कॅचच्या सरावात ते आलटून पालटून वापरतात. मुंबईत पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते. ओला ग्लोव्ह उन्हात टाकू नये, वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावा आणि खिशात चेंडू बांधून ठेवावा.

बेंचवरचा दिवस दिसतो तेवढा आरामाचा नसतो. पाचव्या इनिंगच्या आसपास हा माणूस उठतो, आतल्या बाजूला सायकल, दोरी, मग पिंजऱ्यात मशीनवर वेगवान चेंडू. कारण त्याला भेटणारा पिचर दमलेला नसतो, ताजातवाना असतो, आणि एकाच बॅटिंगवर त्याचा दिवस ठरतो. समोरच्या बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या जागेत) डावा कोण, उजवा कोण, हे त्याला तोंडपाठ हवे. २०२० पासून पिचरला किमान तीन बॅटरना टाकावे लागते किंवा इनिंग संपवावी लागते. पूर्वी पिंच हिटर (ऐन वेळी दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला येणारा) उतरला की प्रतिस्पर्धी लगेच पिचर बदलून त्याची धार बोथट करीत. आता तसे करणे महाग पडते. अडीच तास बसून एकदम पूर्ण वेगाने धावायला गेलेल्याची मांडीमागची शीर धरते, ही या धंद्यातली नेहमीची दुखापत. सामना एकतर्फी झाला तर त्याला पिचिंगही करावे लागते. २०२३ पासून त्याला अट आहे, संघ आठ किंवा अधिक धावांनी मागे हवा, नवव्या इनिंगमध्ये दहा किंवा अधिकने पुढे हवा, नाहीतर जादा इनिंग हवी.

आता ‘न टिकलेला’ या शब्दाकडे येतो. खेळाडू टिकला की नाही हे तिथे बहुतांशी कागद ठरवतो. खेळाडू ४० जणांच्या यादीत आला की संघाला त्याला तीन हंगाम हवे तेव्हा खालच्या लीगमध्ये पाठवता येते, यालाच ऑप्शन म्हणतात. २०२२ पासून एका हंगामात असे पाचदाच पाठवता येते आणि पिचर नसलेल्याला पाठवल्यावर किमान दहा दिवस तिथेच ठेवावे लागते. तीन ऑप्शन संपले की त्याला खाली पाठवण्याआधी बाकीच्या संघांपुढे ठेवावे लागते. त्यामुळे सारख्याच कुवतीच्या दोघांत ज्याचे ऑप्शन शिल्लक आहेत तोच बसने खाली जातो, आणि ज्याचे संपले आहेत त्याला खाली पाठवू गेले तर दुसरा संघ उचलू शकतो. यादीतून काढलेल्या खेळाडूबाबत संघाला सात दिवसांत ठरवावे लागते, की विकायचा, सोडायचा की खाली न्यायचा. तेवढे दिवस तो अधांतरीच असतो. खाली नेले तर, तीन वर्षे सेवा भरलेला किंवा पूर्वी एकदा असा नेलेला खेळाडू नकार देऊन मोकळा होऊ शकतो. मात्र पाच वर्षे भरली नसतील तर उरलेल्या पगारावर पाणी सोडावे लागते.

सगळा खेळ दिवसांचा. १७२ दिवस वरच्या यादीत भरले की एक वर्षाची सेवा. १७१ भरले तर नाही. तीन वर्षांनी पगारासाठी लवादाकडे जाता येते, सहांनी मोकळे होता येते, आणि ४३ दिवसांवर निवृत्तिवेतनाचा किमान हक्क लागतो. आपल्या कामगार कायद्यातले २४० दिवस ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यातली घालमेल वेगळी समजावायला नको. २०२३ चा हिशेब घ्या. मेजर लीगचा किमान पगार ७,२०,००० डॉलर आणि हंगाम १८६ दिवसांचा, म्हणजे दिवसाला सुमारे ३,८७० डॉलर. त्याच वर्षी लगेच खालच्या ट्रिपल-ए लीगचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर. वरचे सव्वानऊ दिवस म्हणजे खालचे अख्खे वर्ष.

या चौकटीत कायनर-फालेफाचा प्रवास वाचावा. २०१३ मध्ये टेक्सासने निवडला. तिथे तो कॅचरही खेळला, २०२० मध्ये तिसऱ्या बेसवर गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळवला, मग पूर्णवेळ शॉर्टस्टॉप. मार्च २०२२ मध्ये त्याला मिनेसोटाला दिले आणि मिनेसोटाने दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क यांकीजला. तिथे एक वर्ष शॉर्टस्टॉप, दुसऱ्या वर्षी आउटफिल्ड. २०२४ ला टोरांटो, त्याच हंगामात पिट्सबर्ग. ऑगस्ट २०२५ अखेर पिट्सबर्गने यादीतून सोडले आणि टोरांटोने पुन्हा उचलले. दोन महिन्यांनी तो वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये, तिसऱ्या बेसवर उभा होता. ज्या संघाने एकदा विकला त्याच संघाने बोलावून घेतलेल्या माणसाला ‘न टिकलेला’ म्हणायचे असेल, तर टिकणे म्हणजे काय हे आपण एकदा छापावे. मेजर लीगमधला टॉड झील तर ११ संघांकडून खेळला आणि अकराही संघांसाठी त्याने होमरन मारले.

परदेशात नशीब काढायला मात्र या मंडळींना अवघड जाते. कोरियाच्या लीगमध्ये २०२५ पर्यंत एका संघात परदेशी तिघेच असत, त्यात बहुधा दोन पिचर. उरलेल्या एका जागेसाठी तिथल्या संघांना होमरन मारणारा दांडगा हवा असे, चार जागी उभा राहणारा नव्हे. हिवाळ्यात डॉमिनिकन, व्हेनेझुएला, पोर्तो रिको इथल्या लीग असतात, तिथे नवी जागा शिकता येते. दुबईत भरणाऱ्या लीगमध्ये आता मुंबई कोब्राज नावाचा संघही आहे. आपल्या पानावर त्याचे सामने येतील तेव्हा हा शब्द पुन्हा लागणार आहे. आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल व क्रिकेट यांना २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये घेण्याचा ठराव ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला तो मुंबईतच.

म्हणून दोन विनंत्या. ‘बदली’ऐवजी ‘हरहुन्नरी’ किंवा सरळ ‘युटिलिटी खेळाडू’ लिहावे. ‘हरकाम्या’ नको, त्यात चहा आणून देण्याचा वास येतो. मेजर लीगने २०२२ पासून युटिलिटी खेळाडूसाठी वेगळा गोल्ड ग्लोव्ह ठेवला आहे, म्हणजे तिथेही ती एक स्वतंत्र जागा मानली गेली.

दुसरे असे की धावफलकात नावापुढे तो कोणत्या जागी खेळला त्याचे आकडे छापावेत. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड ७, ८, ९. शालेय सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलांना हे आकडे पाठ असतात. नावापुढे ४-६-८ दिसले, की त्या माणसाने त्या दिवशी काय काय केले हे त्यांना आपोआप कळेल. पाव कॉलमात त्याला जागाही लागत नाही.

आपले,
सॉफ्टबॉल-बेसबॉलचे काही प्रशिक्षक व गुणलेखक,
मुंबई